ॲक्टिव्ह पिकअप काढून पॅसिव्ह बसवताना: बॅटरीसोबत आणखी काय काय बदलतं

इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप म्हणजे तारांची हालचाल विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग. बॅटरीवर चालणारे ॲक्टिव्ह पिकअप काढून बिनबॅटरीचे पॅसिव्ह बसवायचे हे काम ऐकायला सोपं वाटतं. चार स्क्रू काढायचे, जुने पिकअप उचलायचे, नवे ठेवायचे आणि दोन-चार ठिकाणी सोल्डर करायचं. एवढंच करून गिटार ॲम्पला लावली तरी आवाज येतो, पण तो गोधडीखालून आल्यासारखा दबका असतो. शिवाय तारांवर हात ठेवल्यावर जी घरघर थांबायला हवी, ती तशीच चालू राहते. मग माणूस नव्या पिकअपला बोल लावतो आणि तिसरा संच शोधायला लागतो. पिकअपचा यात काही दोष नसतो.

या बदलात पिकअपच्या भोवतीचं सगळं सर्किट बदलावं लागतं. पॉट (नॉबखालचे बदलते रोधक) बदलतात, टोनचा कपॅसिटर बदलतो, जॅकची जोडणी बदलते, आणि तारांना ग्राउंड द्यावं लागतं, म्हणजे त्या सर्किटच्या शून्य टोकाला जोडाव्या लागतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा माझ्याकडूनही राहिली होती आणि दोन संध्याकाळी मी चुकीच्या ठिकाणी दोष शोधत बसलो होतो. म्हणून या लेखात त्या एका वायरवर मी बराच वेळ थांबणार आहे.

दोघांत फरक नेमका कुठे

पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांमध्ये वीज तयार होते आणि तीच केबलमधून ॲम्पपर्यंत जाते. दोन कॉइल उलट्या जोडून घरघर मारण्याची युक्ती सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये गिब्सनसाठी काढली. आज आपण तिला हंबकर म्हणतो.

ॲक्टिव्ह पिकअपमध्ये वेढे कमी असतात, त्यामुळे मूळ सिग्नल क्षीण असतो. पिकअपच्या आतच एक छोटा प्रीॲम्प बसवलेला असतो आणि तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या ईएमजीने ही पद्धत घरोघरी पोहोचवली, आणि मेटालिकाच्या जेम्स हेटफील्ड आणि कर्क हॅमेट यांच्या गिटारींमुळे ईएमजी ८१ हे नाव मेटल वाजवणाऱ्या प्रत्येकाला पाठ झालं.

आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेर येणाऱ्या सिग्नलचा इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा एकूण विरोध. ईएमजीसारख्या ॲक्टिव्ह पिकअपचा तो साधारण १० किलोओहम असतो आणि प्रीॲम्प त्याला भक्कम पाठबळ देतो. पुढे २५ किलोओहमचा पॉट आला किंवा लांबच लांब केबल आली, तरी त्याला फारसा फरक पडत नाही. पॅसिव्ह कॉइल मात्र प्रत्येक गोष्टीला दाद देते. ४.५ हेन्रीची कॉइल, तिची स्वतःची १०० पिकोफॅरड क्षमता आणि मीटरमागे १०० पिकोफॅरडची केबल धरली, तर ३ मीटर केबलवर तिचा चमकदार उंचवटा, म्हणजे आवाज जिथे सगळ्यात जास्त उठून येतो ती जागा, ३.७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल ६ मीटरची केली की तोच २.८ किलोहर्ट्झपर्यंत खाली उतरतो. पॅसिव्ह पिकअपला केबलही ‘ऐकू येते’ असं म्हणतात, त्यामागचं गणित हे आहे. त्यामुळे नवे पिकअप बसवल्यावर आवाजाचं मत बनवण्याआधी एकच केबल ठरवून घ्या आणि प्रत्येक तुलना तिच्यावरच करा.

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी

तुम्हाला बदल कशासाठी हवा आहे? बॅटरीचा कंटाळा आला असेल, व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मोकळा व्हायला हवा असेल, हलक्या आणि जोरकस वाजवण्यातला फरक जास्त ऐकू यायला हवा असेल, तर कारण रास्त आहे. आवाज फक्त ‘दाबल्यासारखा’ वाटत असेल तर आधी नवी बॅटरी घाला आणि पिकअप दोन-तीन मिलिमीटर खाली उतरवून आठवडाभर वाजवा. ॲक्टिव्ह पिकअपचे चुंबक तारांना फारसे ओढत नाहीत, म्हणून बहुतेक जण ते तारांना अगदी भिडवून ठेवतात आणि मग सगळे स्वर एकाच जोराचे होतात. काहींचं समाधान एवढ्यावरच होतं.

एक गोष्ट गमावणार आहात हेही माहीत असू द्या. जास्त गेनवरही (ॲम्पने सिग्नल खूप वाढवला तरी) असणारी ती ॲक्टिव्हची शांतता पॅसिव्ह हंबकरमध्ये पूर्णपणे मिळत नाही. चांगलं शिल्डिंग केलं, म्हणजे पोकळीला आतून धातूचं आवरण दिलं, तर बरीच जवळ जाते.

पिकअप विकत घेण्याआधी गिटार उघडा

मागचं झाकण काढा, पिकअप स्क्रू काढून उचलून पाहा आणि मोबाइलवर भरपूर फोटो काढा. फोटो नंतर सोन्यासारखे उपयोगी पडतात. आता एकेक गोष्ट बघा.

पिकअपचा आकार आधी. सहा तारांच्या गिटारमधले बहुतेक ॲक्टिव्ह हंबकर नेहमीच्या हंबकरएवढेच असतात आणि त्या जागी पॅसिव्ह सहज बसतात. सात किंवा आठ तारांच्या गिटारमध्ये मात्र बंद, आयताकृती, साबणाच्या वडीसारखे मोठे ॲक्टिव्ह पिकअप असतात. तिथे साधा पॅसिव्ह ठेवला तर कडेला फट राहते आणि स्क्रूची भोकंही जुळत नाहीत. त्या आकाराच्या कव्हरमध्ये येणारे पॅसिव्ह पिकअप मिळतात, तेच घ्या. लाकूड कोरून भोक मोठं करणं हा शेवटचा मार्ग समजा.

मग पोकळीची खोली. ॲक्टिव्ह पिकअपचे पाय बहुधा आखूड असतात, म्हणून काही कारखान्यांत पोकळीही उथळ ठेवतात. जुन्या पद्धतीच्या पॅसिव्हचे लांब पाय तिथे तळाला टेकतात आणि पिकअप खाली जातच नाही. पट्टीने खोली मोजा. कमी वाटली तर आखूड पायांचा पिकअप मागवा.

तारांचं अंतर हेही बघायचं. ब्रिजपाशी पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोजा. साध्या हंबकरच्या माथ्यावर प्रत्येक तारेखाली असणाऱ्या धातूच्या खुंट्यांमध्ये ते ४९ ते ५० मिमी असतं, रुंद प्रकारात ५२ ते ५३ मिमी. फ्लॉइड रोझसारख्या ट्रेमोलोच्या (दांड्याने हलणाऱ्या ब्रिजच्या) गिटारला ब्रिजजवळ रुंद प्रकार लागतो. ॲक्टिव्ह पिकअपमध्ये आत सलग पट्ट्या असल्यामुळे हा प्रश्न तुम्हाला आजवर पडलेलाच नसेल.

पॉटवर काय छापलंय ते वाचा. २५के किंवा २५३ असेल तर तो ॲक्टिव्हचा आहे. ५००के किंवा ५०४ असेल तर तो पॅसिव्ह हंबकरचा, आणि २५०के किंवा २५४ सिंगल कॉइलचा (एकाच कॉइलच्या पिकअपचा). पॉटच्या मानेचा व्यासही मोजा. छोट्या मेट्रिक पॉटचं भोक ८ मिमीच्या आसपास असतं, मोठ्या पॉटला ९.५ मिमी लागतं. भोक रुंद करायचं नसेल तर छोटेच पॉट घ्या, आवाजात काही उणं पडत नाही. वरचं लाकूड जाड असेल, जसं कमानदार माथ्याच्या गिटारमध्ये असतं, तर लांब मानेचे पॉट लागतील.

आणि शेवटी ब्रिजकडून पोकळीत येणारी एखादी वायर शोधा.

तारांचं ग्राउंड

पॅसिव्ह गिटार हातात धरून तारांना स्पर्श केला की घरघर लगेच कमी होते. तुमचं शरीर भोवतालच्या विजेच्या लहरी अँटेनासारखं उचलत असतं. तारा ब्रिजमार्फत ग्राउंडला जोडलेल्या असल्या की स्पर्शाबरोबर शरीरही ग्राउंड होतं आणि आवाज शांत होतो. ॲक्टिव्ह पिकअपमधला सिग्नल कमी इम्पीडन्सचा आणि आतून झाकलेला असतो, त्याला या मदतीची गरज नसते. म्हणून ईएमजी बसवताना ती वायर तोडून टेपने गुंडाळून ठेवायला सांगतात, आणि ॲक्टिव्ह पिकअपसकट कारखान्यातून निघालेल्या अनेक गिटारींमध्ये तर ती घातलेलीच नसते.

म्हणजे तुमची गिटार दोनपैकी एका प्रकारची असणार.

पहिल्या प्रकारात कोणीतरी नंतर ॲक्टिव्ह बसवले आहेत. पोकळीच्या कोपऱ्यात टेपने गुंडाळलेलं, कुठेच न जोडलेलं एक वायरचं टोक सापडेल. मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक त्या वायरला आणि दुसरं ब्रिजला लावा. बीप वाजला तर अर्धं काम झालं.

दुसऱ्या प्रकारात वायर नाहीच. मग ब्रिजचा प्रकार ठरवतो की काम किती अवघड आहे.

ट्रेमोलो असेल तर नशीब चांगलं आहे. मागच्या पोकळीत स्प्रिंग ज्या पंज्याला अडकवलेले असतात, तो पंजा ब्रिजशी स्प्रिंगमार्फत जोडलेलाच असतो. तिथे वायर आणली की झालं. पंजा जाड धातूचा, उष्णता पिऊन टाकणारा, त्यामुळे त्यावर सोल्डर चिकटत नाही म्हणून लोक वैतागतात. पृष्ठभाग सॅंडपेपरने घासून घ्या आणि ६० वॅटचं, रुंद टोकाचं आयर्न वापरा. मला स्वतःला याहून सोपा उपाय आवडतो: वायरच्या टोकाला रिंग टर्मिनल लावून तो पंज्याच्या स्क्रूखाली घट्ट दाबून टाकायचा. वायर पोकळीपर्यंत नेण्यासाठी दोन पोकळ्यांमध्ये बहुतेक वेळा भोक असतंच.

सपाट, स्क्रूने बसवलेला ब्रिज असेल तर तो उचलून त्याखालून जवळच्या पिकअपच्या किंवा पॉटच्या पोकळीकडे तिरकं, ३ मिमीचं भोक पाडावं लागेल. वायरचं टोक दोन-अडीच सेंटिमीटर सोलून, पंख्यासारखं पसरवून ब्रिजखाली ठेवायचं आणि ब्रिज परत आवळायचा. ब्रिजच्या तळाला रंग किंवा काळा लेप असेल तर तेवढी जागा खरवडून धातू उघडा करा, नाहीतर वायर असूनही जोडणी होणार नाही.

खरा घाम फुटतो तो वेगळ्या टेलपीसच्या गिटारमध्ये. टेलपीसचे दोन खांब लाकडात ठोकलेल्या धातूच्या नळ्यांमध्ये फिरतात. त्यातली पॉटच्या पोकळीजवळची नळी बाहेर काढावी लागते. नळीच्या तळाशी छोटा खिळ्याचा तुकडा टाका आणि खांब त्यात फिरवत खाली न्या. खांब तुकड्याला टेकल्यावर नळी स्वतःच वर सरकायला लागते. माथ्यावरचा लेप उडू नये म्हणून नळीच्या कडेने धारदार पात्याने आधी हलकी रेघ मारून घ्या. मग पॉटच्या पोकळीतून त्या भोकाच्या दिशेने लांब ड्रिल बिटने हळूहळू भोक पाडा. बिटवर टेपची खूण करून ठेवा, म्हणजे गरजेपेक्षा खोल जाणार नाही. वायरचं सोललेलं टोक भोकाच्या भिंतीला लावून नळी परत दाबली की वायर तिथेच पकडली जाते.

ड्रिल हातात धरायची भीती वाटत असेल तर एवढा एक टप्पा जाणत्या कारागिराकडून करून घ्या. बाकी सगळं तुम्ही घरी करू शकता.

एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. तारा ग्राउंड झाल्या म्हणजे तुमचे हात थेट ॲम्पच्या चौकटीशी जोडले गेले. ॲक्टिव्ह गिटारमध्ये हा दुवा नव्हता, त्यामुळे ॲम्पच्या अर्थिंगमधला दोष इतके दिवस झाकला गेला असू शकतो. ॲम्पचा प्लग तीन पिनांचा आहे आणि भिंतीतलं अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे, याची खात्री केल्याशिवाय नवी गिटार लावू नका. माइकला ओठ लागल्यावर कधी झिणझिण्या आल्या असतील तर आधी तो दोष काढा.

सामान

हंबकरसाठी ५०० किलोओहमचे पॉट, जितके नॉब तितके. लॉगरिदमिक घ्या, ‘ए’ अक्षर छापलेलं असतं. टोनसाठी ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. सिंगल कॉइल बसवणार असाल तर पॉट २५० किलोओहम आणि कपॅसिटर साधारण ०.०४७. मोनो जॅक, वायर, रोझिन असलेलं सोल्डर, हीट श्रिंक, तांब्याची चिकट पट्टी, मल्टिमीटर. नळकामाचं ॲसिड फ्लक्स चुकूनही वापरू नका, ते महिन्या-दोन महिन्यांत जोडणी खाऊन टाकतं. आयर्न ४० ते ६० वॅटचं असावं, आणि तापमान ठरवता येत असेल तर ३५० ते ३८० अंश सेल्सिअसवर ठेवा. स्विच तोच राहतो, तो विकत घ्यायची गरज नाही.

जुने २५ किलोओहमचे पॉट ‘चालतीलच की’ म्हणून ठेवले तर काय होतं ते आकड्यांत बघा. १६ किलोओहमच्या जोरकस पिकअपपुढे २५ किलोओहमचा पॉट आला की सिग्नलचा जवळजवळ ४० टक्के भाग, म्हणजे ४ डेसिबलपेक्षा जास्त, तिथेच जातो. पण खरं नुकसान वरच्या स्वरांचं होतं. कॉइलचा चमकदार उंचवटा जिथे असतो तिथे तिचा इम्पीडन्स कित्येक पटींनी वाढलेला असतो, आणि एवढा लहान पॉट तो उंचवटा पार सपाट करून टाकतो. ५०० किलोओहमच्या पॉटवर हाच तोटा पाव डेसिबलच्या आसपास राहतो. गोधडीखालचा आवाज म्हणतो तो हाच.

जुनं काढताना

तारा सैल करून काढा. फ्लॉइड रोझ असेल तर ब्रिजखाली लाकडाचा ठोकळा ठेवून मगच ताण सोडा. सगळ्यात आधी बॅटरी बाहेर.

नव्या ईएमजीमध्ये वायर पिनांच्या प्लगने जोडलेल्या असतात, त्या सरळ ओढून निघतात. कापू नका. पिकअप, सर्किटची छोटी पाटी, पॉट, स्टिरिओ जॅक आणि बॅटरीची क्लिप हा पूर्ण संच एका पिशवीत ठेवा. पुढे दुसऱ्या गिटारला लावायचा किंवा विकायचा असेल तर तुटलेल्या वायरच्या संचाला कोणी विचारत नाही. बूस्टर किंवा टोनची वेगळी पाटी बसवलेली असेल तर तीही काढायची. बॅटरीविना ती सिग्नल अडवते.

स्टिरिओ जॅक का होता? त्यात टिप, रिंग आणि स्लीव्ह असे तीन संपर्क असतात. बॅटरीचं ऋण टोक रिंगला जोडलेलं असतं. मोनो केबल घातली की रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना जोडले जातात आणि बॅटरी चालू होते, म्हणजे जॅक हाच स्विच होता. पॅसिव्हमध्ये याचं काम उरत नाही. तोच जॅक वापरायचा असेल तर टिप आणि स्लीव्ह जोडा, रिंग मोकळी सोडा. पण जॅक जुना आणि ढिला झाला असेल तर याच वेळी नवा मोनो लावून टाकणं बरं.

शिल्डिंग

पोकळीत आधीच काळा, वीज वाहणारा रंग असेल तर मल्टिमीटरने दोन टोकांमध्ये रोध मोजा. काहीशे ओहमच्या आत असेल तर पुरेसा आहे. नसेल तर तांब्याची पट्टी तळाला, भिंतींना आणि झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. पट्ट्या एकमेकांवर चढवा आणि जोडावर सोल्डरचा छोटा डाख द्या, कारण सगळ्याच पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेत नाही. पट्टी झाकणाच्या कडेवर थोडी वळवा म्हणजे झाकण बंद केल्यावर डबा पूर्ण होतो. या पूर्ण डब्याला एका वायरने ग्राउंड द्या. स्विचच्या आणि जॅकच्या उघड्या टोकांना मात्र पट्टी लागता कामा नये. तिथे आत इन्सुलेशन टेप लावा.

वायरिंग

एक व्हॉल्यूम, एक टोन, तीन जागांचा स्विच आणि दोन हंबकर असं धरतो. दोन व्हॉल्यूम आणि दोन टोन असतील तर हीच जोडणी प्रत्येक पिकअपसाठी स्वतंत्रपणे करायची, आणि स्विच व्हॉल्यूमनंतर येतो.

पॉटची पाठ आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावा पाय इनपुट, मधला आउटपुट, उजवा ग्राउंड. उजव्या हाताच्या गिटारसाठी हे पाठ करून ठेवा.

१. पॉट बसवण्याआधी त्यांच्या पाठी खरवडा आणि सोल्डरचा पातळ थर चढवा. पॉट गिटारमध्ये गेल्यावर हे करणं त्रासाचं होतं. आयर्न तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, आतला कार्बनचा पट्टा भाजतो.

२. व्हॉल्यूमचा उजवा पाय वाकवून त्याच्याच पाठीला सोल्डर करा. टोनचाही उजवा पाय पाठीला. दोन्ही पाठी एका वायरने जोडा.

३. पिकअपच्या वायर ओळखा. चार वायर आणि एक उघडी असेल तर रंग कंपनीप्रमाणे बदलतात. सेमोर डंकनमध्ये काळी सिग्नलची, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून बंद करायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. डिमार्झिओमध्ये लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकींना जोडायची, हिरवी आणि उघडी ग्राउंडला. इतर कंपनीचा पिकअप असेल तर तिचा तक्ता समोर ठेवूनच पुढे जा. अंदाजावर जाऊ नका, कारण चुकीच्या जोडणीतही आवाज येतो आणि तो का बारीक आहे हे शोधण्यात दिवस जातो.

४. एकमेकींना जोडलेल्या दोन वायरवर हीट श्रिंक चढवा. ती उघडी राहून शिल्डिंगला लागली तर एक कॉइल बंद पडते.

५. दोन्ही पिकअपच्या सिग्नल वायर स्विचच्या आपापल्या टोकाला. स्विचचं समाईक टोक व्हॉल्यूमच्या डाव्या पायाला. ग्राउंडच्या सगळ्या वायर व्हॉल्यूमच्या पाठीला.

६. कपॅसिटरचा एक पाय व्हॉल्यूमच्या डाव्या पायाला, दुसरा टोनच्या मधल्या पायाला. टोनचा डावा पाय मोकळा.

७. व्हॉल्यूमचा मधला पाय जॅकच्या टिपला, पाठ जॅकच्या स्लीव्हला.

८. तारांच्या ग्राउंडची वायर व्हॉल्यूमच्या पाठीला. झालं, ती राहिली नाही.

सहाव्या टप्प्यात एक पर्याय आहे. कपॅसिटर व्हॉल्यूमच्या डाव्याऐवजी मधल्या पायाला लावला, तर व्हॉल्यूम खाली आणल्यावर आवाज कमी मंद होतो. याला १९५०च्या दशकातली जोडणी म्हणतात. ॲक्टिव्हकडून येणाऱ्याला मी हीच सुचवतो. ॲक्टिव्हमध्ये व्हॉल्यूम कमी केला तरी चमक तशीच राहते, त्याची सवय झालेली असते, आणि पॅसिव्हवर पहिल्यांदा नॉब ७ वर आणला की आवाज झाकोळल्यासारखा वाटतो. तरीही कमी पडलं तर व्हॉल्यूमच्या डाव्या आणि मधल्या पायांमध्ये ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि १५० किलोओहमचा रोधक समांतर लावून बघा.

तारा चढवण्याआधी तपासणी

ही पाच मिनिटं वाचवू नका. जॅकमध्ये केबल घाला, मल्टिमीटर रोधावर ठेवून तिच्या दुसऱ्या टोकाला टिप आणि स्लीव्हवर लावा. व्हॉल्यूम पूर्ण, टोन पूर्ण. समजा नेकचा पिकअप ८.२ किलोओहमचा आणि ब्रिजचा १६ चा आहे. स्विच नेकवर असताना ८.१ च्या आसपास दिसेल, ब्रिजवर १५.५, आणि मधे दोन्ही समांतर झाल्यामुळे ५.४ च्या आसपास. आकडा किंचित कमी दिसतो तो व्हॉल्यूमच्या पॉटमुळे, घाबरू नका. आकडा अर्धा दिसला तर एक कॉइल कुठेतरी ग्राउंडला लागतेय. काहीच दिसलं नाही तर जोड उघडा आहे. शून्य दिसलं तर टिप आणि ग्राउंड भिडलेत, बहुतेक वेळा जॅकपाशी.

मग फेज, म्हणजे दोन्ही पिकअपचे सिग्नल एकाच दिशेने जातात का ते. एका पिकअपवर स्विच ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक झटकन पिकअपला टेकवा. मल्टिमीटरचा आकडा क्षणभर वर किंवा खाली जाईल. दुसऱ्यालाही तसंच करा. दोन्ही एकाच दिशेला गेले तर ठीक. उलट गेले तर मधल्या जागी आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा होईल. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र लावले की हे बऱ्याचदा घडतं. उपाय: एका पिकअपची सिग्नलची आणि ग्राउंडची वायर आपसात बदला, उघडी वायर मात्र ग्राउंडलाच राहू द्या. पिकअपला एकच वायर आणि तिच्याभोवती धातूची जाळी असेल तर हा बदल करू नका, जाळी सिग्नलला लागून घरघर वाढेल.

शेवटचा बीप: एक टोक ब्रिजला, दुसरं जॅकच्या स्लीव्हला. वाजलाच पाहिजे.

आता ॲम्प लावा, हलक्या हाताने प्रत्येक पिकअपवर स्क्रू ड्रायव्हर टेकवा आणि टक् असा आवाज ऐका. स्विच ज्या पिकअपवर आहे तोच बोलायला हवा.

उंची

तारा चढवा, सूर लावा, शेवटची फ्रेट दाबा आणि तारेचा तळ ते पिकअपचा माथा मोजा. ब्रिजजवळ जाड तारेखाली २.५ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमीपासून सुरुवात करा. नेकजवळ अर्धा-अर्धा मिमी जास्त ठेवा. ॲक्टिव्ह ठेवले होते तितके भिडवू नका. पॅसिव्हचे चुंबक ताकदवान असतात, ते जाड तारेला ओढतात आणि वरच्या फ्रेटवर सूर डळमळतो. अर्धी-अर्धी फेरी फिरवत, प्रत्येक वेळी तेच दोन-तीन तुकडे वाजवत जा. नव्या पिकअपसोबत आलेलेच स्क्रू वापरा, जुन्यांचे आटे वेगळे असू शकतात आणि जबरदस्तीने फिरवले तर पिकअपच्या पायाचे आटे जातात.

ॲम्पवरचा गेनही नव्याने लावावा लागेल. जुना सेटिंग ॲक्टिव्हच्या जोरावर ठरलेला होता. साधारण ८ किलोओहमचा पॅसिव्ह त्यापेक्षा शांत वाटेल, मग गेन थोडा वाढवा आणि बास थोडा कमी करा. बॅटरीच्या रिकाम्या कप्प्यात मी जास्तीची एक पहिली तार आणि छोटा ॲलन पाना ठेवतो.